दिंडोरी पाहायची तर पेला शेवटी: द्राक्षांच्या गावात दोन दिवस कसे घालवावेत

नाशिकला वाइन चाखायला येणारी बहुतेक मंडळी गंगापूर धरणाच्या काठी थांबतात, उतरत्या उन्हात हातात पेला घेऊन फोटो काढतात आणि मुंबईची वाट धरतात. ज्या शिराझ या लाल वाइनच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘दिंडोरी’ छापलेलं असतं ते गाव तिथून फार लांब नाही, पण तिकडे गाडी वळवणारे थोडेच.

मी नाशिकचा. घरी आलेल्या पाहुण्यांना दिंडोरी दाखवायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी सगळ्यांना आधी वायनरीत न्यायचो. दुपारी दोनपर्यंत मंडळी सुस्तावायची, रामशेज गडाचं नाव काढलं की नको म्हणायची, आणि द्राक्ष कुठल्या मातीतलं, त्याला पाणी कुठून येतं हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. म्हणून मी क्रमच उलटा केला: आधी डोंगर, मग पाणी, मग बाग, आणि पेला शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो आहे. दोन दिवस काढता आले तर उत्तम. एकच असेल तर दुसऱ्या दिवसाचा वणीचा भाग सोडा, पण बाग आणि रामशेज सोडू नका.

कधी जावं, कसं जावं

जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा हा खरा काळ. घड पिकलेले असतात, वायनरीत ताजी द्राक्षं येत असतात आणि पहाटे चांगली थंडी असते. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवेगार दिसतात, पण तेव्हा बागेत फक्त पानं आणि काड्या असतात. एप्रिल-मे मध्ये तर छाटलेली बोडकी खोडं पाहायला मिळतात. द्राक्षशेती समजून घ्यायची असेल तर तेही पाहण्यासारखं आहे, पण पहिल्या खेपेला नको.

तारीख ठरवताना २६ जानेवारी आणि ३० जानेवारी टाळा. हे कोरडे दिवस ऐन हंगामात येतात आणि त्या दिवशी वायनरीत चाखायला काही मिळत नाही. जवळपास कुठली निवडणूक आहे का, तेही पाहून घ्या.

दिंडोरी नाशिकच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर, वणी-कळवणच्या रस्त्यावर आहे. नाशिकहून म्हसरूळ आणि ढकांबे मागे टाकत गेलं की गाव येतं. दिंडोरी, वणी, कळवणकडे जाणाऱ्या एसटी दिवसभर असतात, पण बागा आणि वायनऱ्या रस्त्यापासून आत असल्याने स्वतःचं वाहन हवंच. आणि त्या वाहनाला न पिणारा चालक हवा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि चाखता चाखता ती कधी ओलांडली जाते ते कळत नाही. चालकाचं हे आदल्या दिवशीच ठरवा, तिथे जाऊन चिठ्ठ्या टाकू नका. वाइनसाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा सोबत कॉलेजची मुलं असतील तर ओळखपत्र बरोबर ठेवायला सांगा.

पहिली सकाळ: रामशेजवरून जमीन पाहा

सहाला नाशिक सोडा आणि पेठ रस्त्याने गडाच्या पायथ्याचं आशेवाडी गाठा. रामशेज दिंडोरी तालुक्यातच येतो. बऱ्यापैकी चालणारा माणूस पाऊण तासात वर पोचतो. शेज म्हणजे शय्या, आणि रामाने इथे विश्रांती घेतली अशी समजूत गावात आहे. वाटेत रामाचं मंदिर लागतं.

या छोट्याशा गडाची गोष्ट पाहुण्यांना मी चढतानाच सांगतो, म्हणजे दम लागल्याचं विसरायला होतं. १६८२ मध्ये मुघल फौजेने रामशेजला वेढा घातला. आधी शहाबुद्दीन खान आला, मग बहादूरखान आला. सह्याद्रीतल्या मोठ्या दुर्गांच्या मानाने हा गड किरकोळ, दोन-चार दिवसांत पडेल असा. तो पाच वर्षांहून जास्त झुंजला. गडावर तोफा नव्हत्या, तेव्हा शिबंदीने लाकडाच्या तोफा केल्या आणि त्यांना कातडं मढवून त्यांतून मारा केला. ही हकीकत खाफीखान या मुघलांकडच्याच इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे, म्हणून तिला वजन आहे. अखेर गड गेला तो फितुरीने.

माथ्यावर पोचलात की उत्तरेकडे आणि पूर्वेकडे निवांत पाहा. खाली चौकोनी तुकडे दिसतात, त्यांतले गडद हिरवे ते द्राक्षाचे. अधूनमधून सूर्य पडून लखलखणारी शेततळी आणि पॉलिहाउसची पांढरी छपरं दिसतात. जानोरी-मोहाडीकडे गुलाबाची शेती मोठी आहे. पश्चिमेला जमीन उंचसखल होत पेठकडे जाते. तो पट्टा कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचा. पाऊस तिकडे धो धो पडतो आणि बागा इकडे उभ्या राहतात, हे चित्र वरूनच नीट दिसतं. पेठ-सुरगाण्याकडची हजारो माणसं हंगामात इकडच्या बागांत कामाला येतात. नंतर बागेत गेल्यावर विरळणी करणाऱ्या म्हणजे घडातले जादा मणी काढणाऱ्या, घड हाताळणाऱ्या बायका दिसतील, त्यांतल्या कितीतरी याच डोंगरांतल्या.

नऊच्या आत खाली उतरा. दगड लवकर तापतो.

मग पाणी

हा टप्पा गाळावासा वाटेल. गाळू नका, कारण पाण्यावाचून या तालुक्यात एक वेल उभा राहिला नसता.

दिंडोरी तालुक्यातून कादवा नदी वाहते. तिच्यावर करंजवण आणि पालखेड ही धरणं आहेत, उनंदा नदीवर ओझरखेड, आणि कोलवण नदीवर वाघाड. यातलं मी वाघाड निवडतो. धरण दिसायला साधं, मातीच्या भिंतीचं. बोट नाही, बाग नाही. सकाळी अकराच्या सुमारास भिंतीच्या कडेला सावली शोधून बसायचं आणि बरोबर आणलेली भाकरी खात ही गोष्ट ऐकायची.

कालव्याचा शेवट ओझरकडे. वरच्या गावांनी पाणी घेतलं की शेवटच्या शेतकऱ्याला वाट पाहण्यापलीकडे काही उरत नसे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०-९१ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. शासनाकडून पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं आणि पाणीपट्टीही आपणच गोळा करायची. पुढे धरणाच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून अशा २४ संस्था झाल्या आणि वाघाडच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा २००५ चा. ओझरचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधी कामाला लागले होते.

याचा वाइनशी संबंध सरळ आहे. द्राक्षबाग उभी करायला एकरी लाखांत खर्च येतो आणि ती १०-१५ वर्षं टिकवायची असते. पुढच्या उन्हाळ्यात किती पाणी मिळेल हे आज माहीत असलं तरच माणूस असा पैसा मातीत घालतो. हिशोबाने मिळणारं पाणी आणि ठिबक, या दोहोंमुळे इथे बाजरी-हरभऱ्याच्या जागी वेल आला.

बाग वाचायला शिका

दुपारी उन्हात बागेत जाऊ नका. जेवून, थोडं पडून चारला निघा. ओळखीचा शेतकरी नसेल तर वायनरीला आधी फोन करून बागफेरी ठरवा. रस्त्याकडेची बाग दिसली म्हणून आत शिरू नका. फवारणी ताजी असू शकते, आणि निर्यातीच्या बागेत कोण आलं-गेलं याचीही नोंद ठेवली जाते. घड तोडायचा तर विचारूनच.

पहिली गोष्ट ओळखायची ती खाण्याची बाग आणि वाइनची बाग. खाण्याच्या बागेत वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरलेला असतो आणि घड पानांखाली सावलीत लोंबतात. मणी टपोरे, लांबट, बिनबियांचे. वाइनची बाग बहुधा कुंपणासारखी दिसते: तारांवर सरळ उभ्या चढवलेल्या काड्या, आणि कमरेच्या उंचीवर छोटे घट्ट घड. एक मणी मागून घ्या आणि चावून पाहा. साल जाड, बिया मोठ्या, गर थोडा, पण गोडी थॉम्पसन या खाण्याच्या जातीपेक्षा जास्त. खाण्याची द्राक्षं १६-१८ ब्रिक्सला काढतात, वाइनची २२-२४ पर्यंत पिकू देतात. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. शेतकऱ्याच्या खिशात छोटी नळकांड्यासारखी दुर्बीण असते, तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकून तो उजेडाकडे धरतो. तुम्हालाही बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही.

आता काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत दाबा. रस पांढराच निघतो. सगळा रंग सालीत आहे. उद्या वायनरीत लाल आणि पांढऱ्या वाइनमधला फरक समजायला एवढं पुरेल.

बुंध्याशी वाका. जमिनीलगतच्या खोडावर जोड दिसेल. खाली डॉगरिजसारख्या जंगली जातीचा खुंट असतो आणि वर शिराझ किंवा सॉव्हिनियॉं ब्लां अशा वाइनच्या जातीचं कलम. खुंट पाण्याची ओढ आणि क्षार सोसतो, वरचा भाग फळ देतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचा तो छाटणीचा. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि वसंतात उठतो. इथे त्याला झोपवणारी थंडीच नाही. तो बारा महिने वाढत राहतो, म्हणून त्याचं वर्ष शेतकरीच ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, तिच्यातून पुढच्या वर्षाची काडी तयार होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून फळ. वर्षातून दोनदा छाटायचं आणि एकदाच पीक घ्यायचं. युरोपात उन्हाळ्याच्या शेवटी होणारी तोडणी इथे फेब्रुवारीत होते ती या दोन छाटण्यांमुळे. माझ्या मते दिंडोरीत पाहण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. थंड मुलुखात रुळलेला वेल या मातीत राहता केला तो कात्री हातात धरणाऱ्या माणसांनी.

हे वेड या भागात बरंच जुनं. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीची सुरुवात १९२५ च्या सुमारास ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केली असं मानतात. तेव्हाच्या भोकरी, फकडी या जाती आज नजरेला पडत नाहीत. १९६० नंतर थॉम्पसन आली आणि गावं बदलली. गोडी छाटणीनंतरचे दिवस मात्र आजही जिवाला घोर लावणारे असतात. डावणी हा बुरशीचा रोग आला की कोवळे घड हातचे जातात, भुरी ही दुसरी बुरशी मण्यावर राख फासल्यासारखी पसरते, आणि अवकाळीचा भरवसा नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरी भागात गारा पडल्या, आणि गारा सोसलेल्या बागेत मणी तडकतात, काडीला जखमा होतात. म्हणून बागेत उभं राहून ‘किती छान, तुमची तर मजा आहे’ असं म्हणू नका. मी एकदा म्हणालो होतो. समोरच्या काकांनी काही उत्तर दिलं नाही, नुसतं आभाळाकडे पाहिलं.

मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलाची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षं अडवली आणि निर्यातदार, शेतकरी दोघेही खचले. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी केली, आणि आज द्राक्षनिर्यातीत देशात तिचं नाव पहिलं घेतात. आधी परवानगी काढून प्रतवारीचं काम पाहता आलं तर जरूर पाहा.

दुसरी सकाळ: वायनरी

तालुक्यात नावं बरीच. सुला या वाइन कंपनीच्या बागा आणि वायनरी इथे आहे, दिंडोरी रिझर्व्ह शिराझचं नाव इथलंच. नाळेगावला शातो दोरी. चारोसा गावच्या नावाची वायनरी २०१८ मध्ये ग्रोव्हर झाम्पा या वाइन कंपनीने घेतली. फ्रान्सच्या शांदों कंपनीने आपली भारतातली फेसाळ वाइन २०१३ मध्ये बाजारात आणली, आणि तिची वायनरीही दिंडोरीतच उभी राहिली. सगळ्याच ठिकाणी पाहुण्यांना आत घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांच्या वेळाही बदलतात. म्हणून निघण्याआधी फोन हवाच. दिवसाला दोनपेक्षा जास्त वायनऱ्या करू नका.

शक्यतो सकाळी दहाची फेरी घ्या. द्राक्षं पहाटेच्या थंडीत तोडतात, त्यामुळे क्रेट उतरताना आणि घड यंत्रात जाताना पाहायला मिळतात. देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाबून रस काढतात आणि साल बाजूला करतात. लालसाठी साल-बियांसकट सगळं टाकीत जातं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तेव्हा वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर धरतात, आणि तो थर सतत खालच्या रसात भिजवत राहावा लागतो. काल बोटांत दाबलेला मणी इथे आठवा. टाक्यांच्या भोवती थंड पाणी फिरवलेलं असतं. आपल्याकडच्या हवेत रस तसाच ठेवला तर तापून वास बिघडेल. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात.

पिंपांच्या खोलीत गेलात की बोलणं थांबवून आधी वास घ्या. ओकच्या लाकडाचा, ओलसर, किंचित व्हॅनिलासारखा. फेसाळ वाइन करत असतील तर बाटल्या कशा ठेवल्या आहेत ते पाहा. पारंपरिक पद्धतीत दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि फेस तिथेच कोंडला जातो.

इथेच चढउताराची गोष्ट विचारा. १९८० च्या दशकात जवळच्या पिंपळगाव बसवंतला सहकारी पायावर फेसाळ वाइनचा प्रयोग झाला होता. सुलाची पहिली बाटली २००० सालची. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, करात सवलत मिळाली आणि वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या. मग जगभरची मंदी आली, त्यात नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन पडून राहिली आणि वायनऱ्यांनी द्राक्षं उचलणं कमी केलं. वाइनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? बारीक मणी, आत बिया. कित्येकांनी उभ्या बागा काढल्या किंवा त्यांवर खाण्याच्या जातींचं कलम केलं. त्या वर्षांची आठवण ठेवून आजचा शेतकरी करारातली ओळ न ओळ वाचतो, आणि ते योग्यच आहे.

आता पेला

जेवून चाखायला बसा, उपाशीपोटी कधीच नाही. क्रम हलक्याकडून जडाकडे: फेसाळ, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, आणि गोड सगळ्यात शेवटी. पेला दांडीला धरा म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. हलकेच फिरवा, वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर खेळवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकण्यात अपमान कसलाच नाही. चाखणं शिकलेली माणसं थुंकतातच.

वासाची परकी नावं पाठ करायची गरज नाही, आपल्या ओळखीच्या गोष्टी आठवा. सॉव्हिनियॉं ब्लांमध्ये मला अर्धकच्चा पेरू आणि नुकती चिरलेली हिरवी मिरची लागते. शेनिन ब्लां ही दुसरी पांढरी बरेचदा गोडसर असते, पहिल्यांदा चाखणाऱ्याला तीच आवडते. शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभूळ. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आकसते, तसा तुरटपणा लाल वाइनमध्ये सालीतून आणि बियांतून येतो. तुम्हाला वेगळं काही लागलं तर तेच खरं माना. नाही आवडली तर तसं सांगा, समोरच्याला वाईट वाटत नाही.

गाव आणि वणीचा रस्ता

हा भाग घड्याळात चाखण्याच्या आधी बसवा. पहिल्या दिवशी बागेतून परतताना गाव पाहा आणि वणी दुसऱ्या पहाटे करा, म्हणजे दहापर्यंत वायनरीत पोचता येतं. कारण साधं आहे: दिंडोरी हे स्वामी समर्थ सेवा मार्गाचं मुख्य केंद्र आहे. महाराष्ट्रभरातून सेवेकरी इथे येतात, गुरुवारी जास्त. लाखो मराठी घरांना दिंडोरी हे नाव वाइनमुळे माहीत नाही, या केंद्रामुळे माहीत आहे. दर्शनाला जाल तेव्हा दारूचा वास अंगाला नसावा.

वणीकडे जाणारा रस्ता हा लढाईचा रस्ता आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन बागलाणातून परतत होते. मुघल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला. महाराजांनी खजिना पुढे काढून दिला आणि इथे मुघल फौजेला तोंड दिलं. आघाडीवरचा इखलासखान जखमी झाला, मुघल हटले. कुठल्याही किल्ल्याच्या आडोशाशिवाय, उघड्या मैदानात मिळवलेला हा विजय. आज तिथे द्राक्ष, टोमॅटो, कांदा. खूण म्हणून फारसं काही दिसत नाही, तरी मी गाडी थांबवून पाच मिनिटं उभा राहतोच.

पहाटे लवकर निघालात तर पुढे नांदुरीहून सप्तशृंगगडावर जा. साडेतीन पीठांपैकी अर्धं मानलेलं हे स्थान, देवी अठरा हातांची. २०१८ पासून ट्रॉली असल्याने वयस्कर माणसांनाही त्रास नाही. चैत्रात आणि नवरात्रात मात्र हा बेत सोडाच, रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात.

घरी नेताना

बाटल्या दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. मार्चच्या उन्हात वाइन तासाभरात बिघडू शकते. ओल्या टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवा. बुचाची बाटली घरी आडवी ठेवा, आट्यांच्या झाकणाची उभी चालते. पांढरी वर्ष-दोन वर्षांत संपवा. उघडलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

हंगामात परतीच्या वाटेवर कडेला द्राक्षांच्या पाट्या मांडलेल्या असतात. घेताना देठ पाहा. हिरवा आणि ताठ असेल तर माल आजचा, तपकिरी असेल तर शिळा. मण्यावरचा पांढरट थर पाहून औषध समजून घाबरू नका. ते वेलाचंच मेण आहे, बोटाने पुसलं की जातं, आणि ते शाबूत असलेला घड म्हणजे कमी हाताळलेला घड. तोच घ्या, घरी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, धुऊन खा.